बाराव्या आठवड्याचा स्कॅन

१९७६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे कर्करोगतज्ज्ञ चार्ल्स मोअर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या आकाराचे १२ घट्ट गोळे त्यांनी मऊ गादीवर मांडले, वरून फोमचा थर अंथरला आणि १६ अनुभवी डॉक्टरांना सांगितले, की रुग्णाच्या अंगातली गाठ जशी चाचपून मोजता तसे हे गोळे मोजा. गोळे ना वाढत होते ना घटत होते. तरीही एकाच गोळ्याची दोन मापे जुळेनात. गाठ पाव हिश्शाने घटली की औषध लागू पडले असे मानले, तर निव्वळ मापनाच्या चुकीमुळे दर चार-पाच तुलनांत एकदा न दिलेले औषध लागू पडत होते. निम्म्याने घटण्याची अट घातली, की ही चूक शेकडा सात-आठपर्यंत खाली येत होती. कर्करोगाच्या औषधांचे यश-अपयश ठरवणारे आकडे अशा गादीवर ठरले. १९७९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेने ते नियमात बसवले: गाठीच्या दोन व्यासांचा गुणाकार निम्म्याने घटला तर प्रतिसाद, पाव हिश्शाने वाढला किंवा कुठे नवी गाठ दिसली तर रोग वाढला. २००० साली 'रेसिस्ट' नावाचे निकष आले. त्यांनी गुणाकार सोडून लांबीची बेरीज धरली आणि आकडे घटीसाठी ३० टक्के, वाढीसाठी २० टक्के असे बदलले. नवी गाठ दिसली की रोग वाढला, हा नियम मात्र जसाच्या तसा राहिला.

या मोजपट्टीला आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आपण दिलेल्या औषधाने बरे वाटावे ही डॉक्टरची इच्छाच मापात उतरते, हे ओळखून तिच्यावर घातलेला तो लगाम होता, आणि त्या लगामामुळे अनेक निरुपयोगी औषधे रुग्णांपर्यंत पोचली नाहीत. मात्र तिच्या पोटात एक गृहीतक होते. औषध थेट पेशी मारते, म्हणून ते लागू पडले तर गाठ लवकर घटते आणि गाठ वाढली तर औषध हरले, हे ते गृहीतक. केमोथेरपीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरे ठरले. गाठीचा आकार आणि रोगाची चाल या दोन गोष्टी इतकी वर्षे हातात हात घालून चालल्या, की त्या वेगळ्याही होऊ शकतात याचा विसर पडला. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारा उपचार, आला तेव्हा त्या वेगळ्या झाल्या. त्यानंतरच्या वीस वर्षांत मोजपट्टी सुधारण्यावर खूप विचार झाला. पण स्कॅनवर दिसणारी सावली मुळात कशाची आहे, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला, असे माझे म्हणणे आहे. म्हणूनच औषधाचा दुष्परिणाम रोगाची वाढ म्हणून वाचला जाण्याचा धोका सुधारलेल्या मोजपट्टीतूनही सहीसलामत पुढे आला.

१९९६ साली बर्कलीत जेम्स अ‍ॅलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना आवर घालणारा सीटीएलए-४ हा रेणू प्रतिपिंडाने अडवला तर उंदरांमधल्या गाठी नाहीशा होतात. पुढे माणसासाठी असे दोन प्रतिपिंड तयार झाले: मेडारेक्स आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचा इपिलिमुमॅब, फायझरचा ट्रेमेलिमुमॅब. दोन्हींच्या चाचण्या प्रामुख्याने मेलानोमावर, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या जहाल कर्करोगावर झाल्या. इपिलिमुमॅब दर तीन आठवड्यांनी, एकूण चार वेळा दिला जाई आणि बाराव्या आठवड्यात पहिला स्कॅन होई. त्या स्कॅनवर काही रुग्णांच्या गाठी मोठ्या दिसत, काहींच्या अंगात नव्या गाठी उमटलेल्या असत, आणि नियमाप्रमाणे 'रोग वाढला' अशी नोंद होई. त्यातल्या काही जणांच्या त्याच गाठी पुढच्या महिन्यांत दुसरे कोणतेही औषध न देता विरघळू लागत. औषध स्वतः गाठीला हातही लावत नव्हते. ते टी पेशींवरचा आवर काढत होते आणि त्या पेशी गाठीत शिरून तिथे गर्दी, सूज आणि दाह माजवत होत्या. वाढलेल्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कधीकधी कर्करोगाच्या पेशींपेक्षा त्यांच्यावर चालून आलेल्या पेशीच जास्त दिसत.

हे औषध हातचे जाण्याची वेळ आली होती. इपिलिमुमॅबच्या १५५ रुग्णांच्या एका चाचणीत जुन्या मोजपट्टीने जेमतेम ५.८ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला, पण वर्षानंतर ४७ टक्के रुग्ण हयात होते, आणि पसरलेल्या मेलानोमात तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. २००८ च्या एप्रिलमध्ये ट्रेमेलिमुमॅबची मोठी चाचणी मधल्या पाहणीतच, केमोपेक्षा सरस दिसत नाही म्हणून थांबवली गेली. तिथे कसोटी स्कॅनची नव्हती, आयुर्मानाची होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पुढे पूर्ण पाठपुराव्यातही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण उशिरा फळ देणाऱ्या औषधाकडे लवकर पाहिले तर काय दिसते, हा प्रश्न त्या निर्णयाने ऐरणीवर आणला. इपिलिमुमॅबच्या निर्णायक चाचणीचे मुख्य लक्ष्य तोवर बदलले होते. 'किती जणांच्या गाठी घटल्या' याऐवजी 'रुग्ण किती काळ जगले' हे मोजायचे ठरले. ६७६ रुग्णांच्या त्या चाचणीचा निकाल २०१० मध्ये आला. तुलनेच्या लसीच्या गटात आयुर्मानाचा मध्यांक ६.४ महिने होता, इपिलिमुमॅबच्या गटात १०.१. नुसत्या इपिलिमुमॅबने गाठी घटल्या त्या १०.९ टक्के रुग्णांच्या, पण दोन वर्षांनी त्या गटातले २३.५ टक्के रुग्ण हयात होते. गाठी घटल्याची नोंद झाली त्याच्या दुपटीहून अधिक लोक जगले, यावरून ती मोजपट्टी किती जणांना ओळखूच शकली नाही याचा अंदाज येतो. मार्च २०११ मध्ये अमेरिकेने औषधाला परवानगी दिली.

निकषांचे काम त्याआधीच सुरू झाले होते. २००४ आणि २००५ मध्ये सुमारे २०० कर्करोगतज्ज्ञ, प्रतिकारशास्त्रज्ञ आणि नियामक संस्थांचे लोक एकत्र बसले, आणि २००९ च्या अखेरीस जेड वोलचॉक, अ‍ॅक्सेल हूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकारशक्तीशी निगडित असे नवे निकष मांडले. त्यांची युक्ती मूलतः गणिती होती. नवी गाठ दिसली म्हणजे खेळ संपला असे न धरता तिचे माप एकूण बेरजेत घ्यायचे, आणि बेरीज वाढली तरी किमान चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करायची. या निकषांनी २२७ रुग्ण तपासले तेव्हा जुन्या पद्धतीने 'रोग वाढला' ठरलेले २२ जण प्रत्यक्षात स्थिर किंवा सुधारत असलेले निघाले. इम्युनोथेरपीतल्या अशा भासमान वाढीला 'स्यूडोप्रोग्रेशन' म्हणायचा प्रघात पडला. हा शब्द मेंदूच्या गाठींवर किरणोपचार करणाऱ्यांकडे आधीपासून होता.

पण इथवरची सगळी चर्चा गाठीत आलेल्या सुजेची आहे. आवर सुटलेल्या टी पेशी फक्त गाठीतच जातात असे नाही. २००३ साली बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने सीटीएलए-४ रोखणारा प्रतिपिंड दिलेल्या १४ रुग्णांचा अहवाल दिला. सहा जणांना गंभीर स्वयंप्रतिकारक त्रास झाला होता. कुणाच्या त्वचेला, कुणाच्या आतड्याला, कुणाच्या यकृताला दाह झाला होता, आणि एकाची मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी सुजली होती. याच १४ जणांतल्या तिघांच्या गाठी घटल्या. पियुषिकेचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाचे डोके दुखते, थकवा येतो, सोडियम उतरते. एमआरआयवर ग्रंथी फुगलेली आणि चकाकणारी दिसते. मेलानोमा मेंदूत पसरतो हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते, त्यामुळे पहिला संशय मेंदूतल्या फैलावाचा येतो आणि विचार किरणोपचारांकडे वळतो. प्रत्यक्षात रुग्णाला हवी असते सकाळी काढलेल्या रक्तातली कॉर्टिसॉलची तपासणी आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या.

फसवणुकीत सर्वांत तरबेज निघाली ती सार्कॉइडोसिस या दाहाच्या आजारासारखी प्रतिक्रिया. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी आणि छातीच्या मध्यभागी लिम्फच्या गाठी फुगतात. कधी फुप्फुसांत बारीक ठिपके उमटतात, कधी त्वचेखाली गुठळ्या येतात. अशा रुग्णाचे पहिले वर्णन २००९ मध्ये छापून आले, म्हणजे नवे निकष प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. पेट स्कॅनही इथे मदत करत नाही, कारण तो कर्करोग दाखवत नसून साखरेची खपत दाखवतो, आणि दाह करणाऱ्या पेशीही साखर भरपूर खातात. कर्करोग कुठल्या मार्गाने पसरतो याच्याशी न जुळणारी, दोन्ही बाजूंना सारखी, आरशातल्यासारखी मांडणी हा एक धागा हाती लागतो. पण उत्तर मिळते ते श्वासनलिकेतून सुई घालून काढलेल्या नमुन्यातच: कर्करोगाची एकही पेशी नाही, फक्त एकमेकांना चिकटून बसलेल्या दाहपेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा. फुप्फुसाचा दाहही कधी पसरट न राहता गोल गाठींच्या रूपात येतो आणि तंतोतंत फैलावासारखा दिसतो.

नव्या निकषांचे गणित इथे अपुरे पडते. सुजलेल्या गाठीसाठी 'थांबा आणि पुन्हा मोजा' हा सल्ला ठीक आहे, कारण सूज ओसरली की बेरीज उतरते. सार्कॉइडच्या गाठी मात्र औषध चालू असेतो महिनोन्‌महिने तशाच राहू शकतात किंवा वाढूही शकतात. दुसऱ्या स्कॅनमध्ये त्या आणखी मोठ्या दिसल्या, तर नवे निकष अधिक खात्रीने सांगणार, की रोग वाढला! जिथे कर्करोगच नाही तिथले माप कर्करोगाच्या बेरजेत धरल्यावर ती बेरीज कितीही काळजीपूर्वक केली तरी उत्तर चुकणारच.

यावर कुणी म्हणेल, की नियमांत पळवाट होती. ते खरेच आहे. २००९ च्या सुधारित रेसिस्टमध्ये लिहिले आहे, की नवी गाठ निःसंशय असावी, आणि गाठीव्यतिरिक्त दुसऱ्या कशामुळे दिसणारा बदल तिच्यात धरू नये. पण हे कलम वापरायचे तर संशय यावा लागतो, आणि संशय येण्यासाठी लागणारी माहिती दुसऱ्याच फाइलमध्ये असते. औषधचाचणीत दुष्परिणामांची नोंद एकीकडे होते, परिणामकारकतेची दुसरीकडे. स्कॅन वाचणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाला रुग्णाच्या तक्रारी बहुधा मुद्दामच सांगत नाहीत, मत कलुषित होऊ नये म्हणून. रुग्णाला कोरडा खोकला सुरू झाला, पायावर लालसर गुठळ्या आल्या, डोळे लाल झाले, हे परिचारिकेच्या वहीत असते. त्याच आठवड्यात छातीतल्या गाठी फुगल्या, हे रेडिऑलॉजिस्टच्या पडद्यावर. केमोच्या काळात ही विभागणी निर्धोक होती, कारण उलट्या किंवा केस गळणे स्कॅनवर गाठ बनून दिसत नाही. इम्युनोथेरपीत दुष्परिणाम दोन्ही नोंदींत एकाच वेळी उतरतो, आणि त्या शेजारी ठेवून वाचण्याची रीतच नव्हती. ह्यूस्टनमधल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाच्या रेडिऑलॉजिस्टांनी २०११ मध्ये ११९ रुग्णांचे जुने स्कॅन याच नजरेने पुन्हा काढून पाहिले. साधारण सहांतल्या एका रुग्णाच्या स्कॅनवर औषधाच्या दुष्परिणामाची खूण होती.

खरे तर इशारे जुने होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन दिलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात सार्कॉइडोसिस झाल्याचा वृत्तान्त १९८७ मध्येच छापला गेला होता. क्षयाच्या लिम्फ गाठींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तर हे नेहमीचेच आहे. औषधे लागू पडत असताना मानेवरची गाठ आधी फुगते, नवी गाठही येते, आणि अनुभवी डॉक्टर औषध बदलत नाहीत. एचआयव्हीवरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की दडलेला क्षय उसळून दिसतो, हेही १९९० च्या दशकापासून माहीत आहे. प्रतिकारशक्ती जागी होण्याची पहिली खूण सूज ही असू शकते, हे ज्ञान रुग्णालयाच्या एका मजल्यावर होते आणि दुसऱ्या मजल्यावर नव्हते. याचे मला राहून राहून वाईट वाटते, कारण त्या अंतराची किंमत औषध अकाली बंद झालेल्या रुग्णांनी मोजली असणार.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ही सगळी अपवादांची कहाणी आहे आणि अपवादाला कवटाळून बसणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, असा तो आक्षेप आहे. आकडे त्याच्या बाजूने आहेत. पेंब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या नंतरच्या औषधाच्या मोठ्या मेलानोमा चाचणीच्या २०१६ मधल्या विश्लेषणात पुरेसा पाठपुरावा झालेल्या ३२७ रुग्णांपैकी २४ जणांत, म्हणजे ७ टक्के रुग्णांत, भासमान वाढ आढळली. २०१८ मध्ये अमेरिकी नियामकांनी आठ चाचण्यांतले २,६२४ रुग्ण एकत्र पाहिले. 'रोग वाढला' ठरल्यावरही ६९२ जणांना तेच औषध चालू ठेवले होते, आणि त्यांतल्या ९५ जणांच्या गाठी त्यानंतर ३० टक्के किंवा अधिक घटल्या. सर्व रुग्णांच्या हिशेबात हे ४ टक्के होतात. उलट बाजूला, पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेने २०१७ मध्ये १३१ पैकी १२ रुग्णांत उपचारानंतर रोगाचा वेग उलट वाढल्याचे नोंदवले. अशा रुग्णाला 'थांबा, सूज असेल' असे सांगण्यात गेलेले आठ आठवडे परत मिळत नाहीत. औषध महाग असेल तर खोट्या आशेचा खर्च कुटुंबाच्या माथी बसतो, तो वेगळाच.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि त्यामुळेच माझे म्हणणे अधिक पक्के होते. एका बाजूला सूज, दुसऱ्या बाजूला भरधाव रोग, आणि दोघांचे स्कॅन सारखे. मग केवळ मापावर विसंबून वाट पाहणे ही दोन्हीकडची जोखीम झाली. २०१७ च्या मार्चमध्ये लेस्ली सीमोर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'आय-रेसिस्ट' निकषांनी पहिल्या वाढीला 'अनिश्चित' म्हटले, चार ते आठ आठवड्यांनी खात्री करायला सांगितले, आणि रुग्णाची तब्येत स्थिर असेल तरच औषध चालू ठेवण्याची अट घातली. ती अट मला सर्वांत मोलाची वाटते. भूक आहे, वजन टिकून आहे, वेदना वाढल्या नाहीत, ही खाटेजवळची माहिती त्या निकषांनी निर्णयात आणली. मात्र हे निकष औषधचाचण्यांसाठी आहेत, एकेका रुग्णाचा उपचार ठरवण्यासाठी नाहीत, असे त्यांच्या कर्त्यांनीच बजावले आहे. रुग्णाच्या बाबतीत हातात उरते ती बायोप्सी. तीही अचूक नसते. कर्करोगाचा निचरा होणाऱ्या लिम्फ गाठींत औषधाशिवायही ग्रॅन्युलोमा होतात, आणि एका गाठीत ग्रॅन्युलोमा सापडला म्हणजे शेजारच्या गाठीत कर्करोग नाही असे ठरत नाही. तरीही तिने विचारलेला प्रश्न योग्य असतो. चुकीच्या प्रश्नाच्या अचूक उत्तरापेक्षा योग्य प्रश्नाचे अपुरे उत्तर रुग्णाच्या जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे या प्रश्नाला तिसरी बाजू आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. गोळ्यांच्या स्वस्त उपचाराला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली, तेव्हा वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तिथेही मुख्य कसोटी आयुर्मानाचीच होती. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी औषध पुरत असेल, तर इम्युनोथेरपी आता जिल्ह्याच्या गावीही परवडू शकेल, आणि तिथे छातीत फुगलेली गाठ दिसली की क्षय हा नुसता शक्यतांच्या यादीतला शब्द राहत नाही. निवोलुमॅब टी पेशींवरच्या पीडी-१ या ज्या रेणूला अडवतो, तो नसलेले उंदीर क्षयाने फार लवकर दगावतात, आणि ही औषधे घेणाऱ्या रुग्णांत क्षय उसळल्याचे वृत्तान्तही आहेत. म्हणजे तीच सावली कर्करोगाची, औषधाच्या दाहाची किंवा क्षयाची असू शकते. कर्करोग समजून औषध बंद केले तर चालणारा उपचार जातो. सार्कॉइड समजून स्टेरॉइड दिले आणि तो क्षय निघाला तर तो पसरतो. क्षय समजून सहा महिन्यांची औषधे सुरू केली आणि यकृत बिघडले, तर ते क्षयाच्या गोळ्यांनी बिघडले की इम्युनोथेरपीने, हा नवा गुंता उभा राहतो. म्हणून सुईने नमुना घेतानाच तो वाटून घ्यावा लागतो: एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टसाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी आणि कल्चरसाठी. सोबतच्या कागदावर नुसते 'कर्करोग, फैलाव आहे का?' एवढेच न लिहिता रुग्ण कोणत्या औषधावर आहे, किती मात्रा झाल्या आणि खोकला कधी सुरू झाला हेही लिहावे लागते. सगळा नमुना सवयीने फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला, तर क्षयाचे जंतू वाढवून पाहण्याचा रस्ता तिथेच बंद होतो आणि त्याच रुग्णाला पुन्हा सुईखाली झोपावे लागते.